हायडेलबर्गमधला पहिला महिना : नव्या विद्यार्थ्यासाठी पायरीपायरीने

जर्मनीतल्या हायडेलबर्गला येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याची पहिली गल्लत होते ती विद्यापीठ नेमकं कुठे आहे याबद्दल. चित्रांमध्ये दिसतो नेकार नदीवरचा जुना दगडी पूल, डोंगरउतारावरचा तांबड्या दगडाचा पडका किल्ला आणि त्याखाली दाटीवाटीची कौलारू घरं. विद्यापीठ तिथेच असणार असं आपण मनाशी धरून चालतो. मग जुन्या गावात महागडी खोली घेतली जाते, आणि पहिल्याच आठवड्यात कळतं की आपली प्रयोगशाळा नदीपलीकडे, तीन किलोमीटरवर आहे.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी आपला विभाग कोणत्या आवारात आहे ते शोधा, मग खोली, मग पत्त्याची नोंद, आणि मग बाकीचं सगळं. जर्मनीत एक कागद दुसऱ्यावर उभा असतो. पत्त्याची नोंद अडली की करक्रमांक, बँक, निवास परवाना असं सगळंच मागे पडत जातं.

आधी आपलं आवार ओळखा

विद्यापीठ १३८६ साली रुप्रेख्ट पहिला या संस्थानिक राजपुत्राने स्थापन केलं. आजच्या जर्मनीतलं हे सर्वांत जुनं विद्यापीठ. सहाशे वर्षांत ते गावभर पसरलं, त्यामुळे त्याला एक फाटक, एक कुंपण असं काही नाही. मुख्य ठिकाणं तीन.

आल्टश्टाट म्हणजे जुनं गाव. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि कायदा इथे, उनिव्हेर्सिटेट्सप्लाट्झ या चौकाच्या आजूबाजूला. विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय प्लॉक नावाच्या रस्त्यावर आहे. मानसशास्त्रही इथेच, हाउप्टश्ट्रासेवर.

बेर्गहाइम म्हणजे रेल्वे स्थानक आणि बिस्मार्कप्लाट्झ यांच्या मधला भाग. जुन्या रुग्णालयाच्या इमारतींमध्ये अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र आहे. इथेच फोसश्ट्रासेवर आशिया अभ्यासाचं केंद्र आहे आणि १९६२ साली स्थापन झालेली दक्षिण आशिया संस्था आता त्यातच नांदते. मराठी माणसाने या संस्थेत एकदा तरी जावं. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या परंपरेवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोंथायमर इथलेच प्राध्यापक. १९९२ साली ते वारले, पण महाराष्ट्राच्या लोकदैवतांवर कोणी गंभीरपणे लिहू लागलं की त्यांच्या कामापाशी यावंच लागतं.

नोयनहाइमर फेल्ड हे नदीच्या उत्तर काठावरचं मोठं आवार. वैद्यक, जीवशास्त्र, रसायन, गणित, संगणकशास्त्र, भौतिकशास्त्राचा मोठा भाग, जर्मन कर्करोग संशोधन केंद्र आणि विद्यापीठाची रुग्णालयं सगळी इथे. इथल्या पत्त्यांची पद्धत समजून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी तास बुडेल. सगळ्या इमारतींचा रस्ता कागदोपत्री एकच, ‘इम नोयनहाइमर फेल्ड’, आणि पुढे फक्त आकडा. पत्रांमध्ये त्याचं लघुरूप जर्मन उच्चाराने ‘ई-एन-एफ’ असं येतं. आकडे रस्त्यावरच्या घरांसारखे ओळीने लागत नाहीत. शेकडा साधारण भाग सांगतो आणि पुढचे अंक इमारत. २०५ ही गणित आणि संगणकशास्त्राची इमारत, २८० कर्करोग केंद्राची, ३०४ मोठ्या खानावळीची. २२७ च्या शेजारी २२८ असेलच असं नाही. आवाराचा नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा.

या तिन्हींत न बसणारीही ठिकाणं आहेत. सैद्धांतिक भौतिकशास्त्र फिलोसोफेनवेगवर, म्हणजे नदीपलीकडच्या डोंगराच्या कुशीत आहे. खगोलशास्त्राच्या काही संस्था थेट क्योनिगश्टूल या ५६८ मीटर उंचीच्या डोंगरावर आहेत. आणि प्रवेशपत्रावर ‘वैद्यक विद्याशाखा मानहाइम’ असं लिहिलेलं असेल तर तुमचं रोजचं शहर हायडेलबर्ग नाही, मानहाइम आहे. खोलीही तिथेच बघा.

निघण्याआधी घरी करायची कामं

भारतीय पदव्यांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी लागतं. त्याला आठवडे लागू शकतात, म्हणून प्रवेशाची वाट न पाहता अर्ज करा.

व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाची रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. तो अधूनमधून वाढतो, त्यामुळे पैसे पाठवण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या पानावर पुन्हा पाहा. बँका मध्ये शुल्क कापतात. नेमकी रक्कम पाठवली तर पोहोचताना काही युरो कमी पडतात आणि खातं अपुरं ठरतं. शंभरेक युरो जास्त पाठवा.

शिक्षणशुल्काबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे सगळीकडे खरं नाही. हायडेलबर्ग ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावलं. पीएचडीला ते नाही, पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. गोठवलेल्या खात्यातली रक्कम राहण्याखाण्याची असते. वर्षाचे ३,००० युरो त्याच्याबाहेर बाजूला ठेवा. सत्राचं किरकोळ योगदान याशिवाय वेगळं.

हातातल्या पिशवीत, सामानात नव्हे, एवढं ठेवा : पासपोर्ट, प्रवेशपत्र, मूळ पदव्या व गुणपत्रिका, जन्मदाखला, विम्याचं पत्र, गोठवलेल्या खात्याचं पत्र, पारपत्राच्या मापाचे सहा-आठ फोटो. पदव्यांच्या साक्षांकित प्रती भारतात करणं स्वस्त पडतं.

खोली

गावाची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर, विद्यार्थी हजारोंनी, दोन बाजूंना डोंगर आणि मध्ये नदी. जागा वाढवायला वाव नाही, म्हणून भाडी चढी. वीज-पाणी-उष्णतेसह पाचशे युरोंच्या आत स्वतंत्र खोली मिळाली तर ती स्वस्त मिळाली असं समजा.

वसतिगृहं विद्यार्थी कल्याण संस्थेची असतात, तिला श्टुडिअरेंडनवेर्क म्हणतात. प्रवेशपत्र हाती येईल त्याच दिवशी अर्ज टाका. प्रतीक्षायादी लांब असते आणि ऑक्टोबरच्या तोंडावर अर्ज करणाऱ्याला बहुतेक वेळा पुढच्या सत्राची तारीख मिळते. अर्ज टाकून स्वस्थ बसू नका, समांतर खासगी शोध सुरू ठेवा.

खासगीत नवख्यांसाठी सर्वांत सोयीची वाट म्हणजे सामायिक घरातली एक खोली, म्हणजे ‘वेगे’. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं, खोली तुमची. जाहिरात वाचताना दोन आकडे वेगळे करा. काल्टमीटे म्हणजे नुसतं जागेचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात उष्णता, पाणी, कचरा असे खर्च धरून. दोन्हींत शंभर-दीडशे युरोंचा फरक सहज असतो. वीज आणि इंटरनेट वार्ममीटेत आहे की नाही ते विचारूनच घ्या.

अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. हा हक्क फार थोड्या नवख्यांना माहीत असतो. पहिल्या महिन्यात तो मोठा आधार ठरतो.

फसवणुकीची रीत एकच असते : घरमालक ‘परदेशात’ आहे, किल्ली टपालाने पाठवतो, आधी अनामत पाठवा. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, जागा नेमकी जुन्या पुलाजवळ. घर कोणी प्रत्यक्ष किंवा थेट व्हिडिओवर, खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवत पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. लेखी करार नसेल तरीही नको.

आणि सही करण्याआधी हा प्रश्न विचाराच : ‘इथे पत्त्याची नोंद करता येईल ना, आणि घरमालकाचं तसं पत्र मिळेल ना?’ काही लोक खोली देतात पण नोंदीला नाही म्हणतात, कारण त्यांनी स्वतःच परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवलेला असतो. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा. कारण पुढे येतंच आहे.

जागेची निवड आवारावरून करा. नोयनहाइमर फेल्डला जायचं असेल तर हान्डशूसहाइम, नोयनहाइम, डोसनहाइम, वीब्लिंगेन पाहा. बेर्गहाइमला जायचं तर वेस्टश्टाट, बानश्टाट, एपेलहाइम, किर्शहाइम. रोरबाख आणि लाइमेनहून ट्राम थेट मध्यावर येते. बोक्सबर्ग आणि एमर्ट्सग्रुंड डोंगरावर आहेत. तिथे हवा छान आणि भाडं कमी, पण रात्री उशिराची बस चुकली की चढण पायी.

जुन्या गावातल्या खोलीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : तिथे जरूर हिंडावं, पहिल्या वर्षी राहू नये. फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ साली गाव जाळलं, त्यानंतर जुन्याच गल्ल्यांच्या आखणीवर ते पुन्हा उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धातही ते जवळजवळ अभंग राहिलं. त्यामुळे घरं खरोखरच जुनी आहेत. भिंती जाड, खिडक्या लहान, गल्लीत ऊन कमी, खाली रात्री दोनपर्यंत मद्यगृहांची वर्दळ. खोली बघायला गेलात तर कपाटामागचा बाहेरच्या भिंतीचा कोपरा पाहा. काळे ठिपके किंवा ताजा रंग दिसला तर तिथे बुरशी आहे.

याउलट बानश्टाट. जुन्या मालधक्क्याच्या जागेवर वसवलेली ही नवी वस्ती, सगळ्या इमारती अतिशय कमी ऊर्जेत गरम राहतील अशा बांधलेल्या. तिथे उष्णतेचं बिल कमी, पण भाडं कमी नाही.

पोहोचण्याचा दिवस

फ्रांकफुर्ट विमानतळावरून सोपी वाट : विमानतळाच्याच लांब पल्ल्याच्या स्थानकावरून जलद गाडीने मानहाइम, सुमारे अर्ध्या तासात. तिथून एस-बान या उपनगरी गाडीने हायडेलबर्ग, आणखी पंधरा-वीस मिनिटं. तिकीट आठवडाभर आधी काढलं तर बरंच स्वस्त मिळतं, पण विमानाला उशीर झाला तर स्वस्त तिकिटाची गाडी ठरलेलीच असते. उतरण्याची वेळ आणि गाडी यांत किमान अडीच तास ठेवा.

स्वस्त वाट म्हणजे फ्रांकफुर्टच्या मुख्य स्थानकावरून दार्मश्टाट आणि वाइनहाइममार्गे थेट प्रादेशिक गाडी. तिच्यात एक अडचण आहे. या मार्गावरच्या काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात. पुढचे डबे एका शहराला, मागचे दुसऱ्याला. चढताना डब्याच्या बाजूला किंवा आतल्या फलकावर हायडेलबर्ग लिहिलंय का ते बघा, नाहीतर सामानासकट मानहाइमला उतरावं लागेल. देशभर चालणारं मासिक डॉइचलांड-टिकेट या प्रादेशिक गाडीत चालतं, जलद गाडीत चालत नाही.

हायडेलबर्गचं मुख्य स्थानक जुन्या गावात नाही. १९५५ साली ते पश्चिमेला हलवलं, त्यामुळे तिथून उनिव्हेर्सिटेट्सप्लाट्झ सुमारे अडीच किलोमीटर पडतं. मोठ्या बॅगा घेऊन चालत निघू नका. जुन्या गावासाठी ३२ क्रमांकाची बस आहे. किंवा एस-बानने पुढे ‘हायडेलबर्ग-आल्टश्टाट’ स्थानक, जे गावाच्या पूर्वेच्या टोकाला, कार्ल्सटोर वेशीपाशी आहे.

रविवारी पोहोचणार असाल तर लक्षात ठेवा की दुकानं बंद असतात. मुख्य स्थानकातली दुकानं तेवढी उघडी. पांघरूण-उशी रिकाम्या खोलीत मिळत नाही, तेव्हा पहिल्या रात्रीपुरती चादर बॅगेत असू द्या.

पत्त्याची नोंद, पहिल्या दोन आठवड्यांत

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्ट या नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. याला आनमेल्डुंग म्हणतात. ही कार्यालयं वेगवेगळ्या भागांत आहेत आणि शहरातलं कोणतंही चालतं. बेर्गहाइममधल्या मोठ्या कार्यालयात सप्टेंबर-ऑक्टोबरला गर्दी उसळते, तेव्हा उपनगरातल्या लहान कार्यालयाची वेळ शोधा. ऑनलाइन वेळ भारतात असतानाच राखून ठेवता येते.

लागणारे कागद तीन : पासपोर्ट, भरलेला अर्ज, आणि वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग. शेवटचं नाव लांबलचक आहे, पण ते पाठ करा. ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहते’ असं घर देणाऱ्याच्या सहीचं ते एक पान. भाडेकराराने हे काम होत नाही. करार दाखवून लोक परत फिरतात ते इथेच. सामायिक घरात मुख्य भाडेकरूने सही केली तरी चालतं, जर त्यानेच तुम्हाला खोली दिली असेल.

अर्जात धर्माचा रकाना असतो. त्याला अर्थ आहे : कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पुढे कमाई करपात्र झाल्यावर चर्च-कर कापला जातो. या राज्यात तो प्राप्तिकराच्या ८ टक्के आहे. गोवा, वसईकडच्या ख्रिस्ती वाचकांनी हे माहीत असू द्यावं आणि जे लिहायचं ते समजून लिहावं. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन यांना असा कर नाही.

नोंद झाली की लगेच कागद मिळतो. त्याच्या तीन प्रती काढा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत टपालाने करक्रमांक येतो. तो तुम्हाला मिळण्यासाठी टपालपेटीवर तुमचं नाव हवं. जर्मनीत टपाल खोली क्रमांकावर नाही, पेटीवरच्या नावावर येतं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि मग बँकेचा सांकेतिक क्रमांक, विमाकार्ड, परवान्याचं पत्र असं सगळं गायब होतं. पहिल्याच संध्याकाळी साध्या चिठ्ठीवर आडनाव लिहून चिकटपट्टीने पेटीला आणि घंटीला लावा. घरमालकाने तसं करू दिलं नाही तर पत्त्यात मुख्य भाडेकरूचं नाव ‘बाय’ या शब्दाने जोडा, म्हणजे ‘अमक्याकडे’.

नोंदीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. टीव्ही नसला तरी ते द्यावं लागतं, पण ते माणशी नाही, घरटी आहे : महिन्याला १८.३६ युरो. घरातला कोणी आधीच भरत असेल तर त्याचा खातेक्रमांक कळवून मोकळं व्हा. पत्र फेकून दिलं की दंडासह वसुली सुरू होते.

विमा, नावनोंदणी, बँक, परवाना

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्यविमा विद्यार्थी दरात मिळतो, महिन्याला साधारण दीडशे युरो. स्वस्तात मिळणाऱ्या खासगी विम्याची भूल पडते, पण सरकारी विम्यातून एकदा सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत आत येता येत नाही. दात दुखू लागले किंवा मोठी शस्त्रक्रिया निघाली की तो फरक समजतो. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर नाही. त्यांनी दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवावं.

विमा कंपनी तुमची माहिती थेट विद्यापीठाला कळवते. विद्यापीठ त्याशिवाय नावनोंदणी पूर्ण करत नाही. ‘मी विमा घेतला’ एवढं पुरत नाही, विमा कंपनीला ‘हायडेलबर्ग विद्यापीठाला एम-१० कळवा’ असं स्पष्ट सांगा. एम-१० म्हणजे तुमच्या विम्याची स्थिती विद्यापीठाला सांगणारी सूचना. नावनोंदणी अडकण्याचं हे सर्वांत सामान्य कारण.

नावनोंदणीनंतर उनि-आयडी मिळतो. ईमेल, वायफाय, ग्रंथालय आणि अभ्यासक्रमांची नोंदणी त्यावरच चालते.

बँकेचं चालू खातं उघडल्यावर त्याचा आयबॅन क्रमांक गोठवलेल्या खात्याच्या कंपनीला कळवा, तेव्हा मासिक रक्कम सुरू होते. हे सगळं मिळून चार ते सहा आठवडे धरा. तोपर्यंत चालेल एवढी रक्कम, अनामतीसह, दुसऱ्या मार्गाने जवळ ठेवा. बहुतेक विद्यार्थ्यांची पहिल्या महिन्यातली खरी अडचण हीच असते : पैसे आहेत, पण हाती येत नाहीत.

निवास परवान्याचा अर्ज परदेशी नागरिक कार्यालयाकडे करायचा. व्हिसा संपायच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे, हा कायदा. व्यवहारात, पत्त्याची नोंद झाली त्याच आठवड्यात करा, कारण मुलाखतीची वेळ महिन्यांनी मिळू शकते. व्हिसाची मुदत जवळ आली आणि कार्ड आलं नाही तर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचं तात्पुरतं पत्र मागा. त्यावर ‘व्हिसाचे हक्क चालू’ असा प्रकार नमूद आहे ना ते पाहा, त्याच्याशिवाय भारतात जाऊन परत येणं जोखमीचं.

काम करायचं असेल तर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे. तासिकांच्या काळात आठवड्याला वीस तासांवर गेलात तर विद्यार्थी विम्याचा दर हातचा जातो.

एक छोटा विमा जरूर घ्या : दुसऱ्याच्या नुकसानीचा, ज्याला हाफ्टफ्लिख्ट म्हणतात. त्याचा वर्षाचा हप्ता फार नसतो. घराची किल्ली हरवली की अनेक इमारतींत सगळी कुलुपं बदलावी लागतात आणि ते बिल हजारांत जातं. किल्ली हरवण्याचा खर्च त्यात धरलाय ना एवढं बघून घ्या.

सत्राचं वेळापत्रक

हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, पण तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत. उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, तासिका एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेर. वेळेपुढे ‘त्से-टे’ (c.t.) अशी दोन अक्षरं असतील तर तास पाव तास उशिरा सुरू होतो : ९ म्हणजे ९.१५. ‘एस-टे’ (s.t.) असेल तर ९ म्हणजे ९ च. परीक्षेच्या पत्रावर हे दोनदा वाचा.

पुढच्या सत्रासाठी दर वेळी पुन्हा नोंदणी करावी लागते, म्हणजे र्युकमेल्डुंग. उन्हाळी सत्रासाठी जानेवारी-फेब्रुवारीच्या मध्यांदरम्यान, हिवाळीसाठी जून-जुलैच्या मध्यांदरम्यान. शुल्क आणि योगदान दोन्ही भरलं गेलं पाहिजे. एक भरून दुसरं विसरलं तर नाव कापण्याची प्रक्रिया सुरू होते.

परीक्षेची नोंदणी वेगळी. तासाला बसलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं इथे होत नाही. भारतीय विद्यार्थी इथे वारंवार फसतात.

फिरणं

बिस्मार्कप्लाट्झ हा सगळ्या ट्राम-बसचा गुंता. इथून पूर्वेला हाउप्टश्ट्रासे सुरू होतो, दीड किलोमीटरहून लांब, पादचाऱ्यांचा. जुन्या गावात ट्राम नाही. सायकलीसाठी त्याला समांतर प्लॉकचा रस्ता वापरा. तिथे सकाळी दहाच्या सुमाराला एवढ्या सायकली असतात की नवख्याने पहिले दोन दिवस कडेकडेने जावं. पुढे पांढरा, मागे तांबडा दिवा नसेल तर दंड होतो, आणि ऑक्टोबरअखेर घड्याळ मागे गेलं की पाचलाच अंधार पडतो.

नोयनहाइमर फेल्डच्या आतून ट्राम जात नाही, पूर्वेच्या कडेने बेर्लिनर श्ट्रासेवरून जाते. आत जायला बस किंवा दहा मिनिटं पायी.

५ क्रमांकाची ट्राम हायडेलबर्ग, वाइनहाइम आणि मानहाइम अशी गोल फिरते. दोन्ही दिशांच्या गाड्या शेवटी मानहाइमला पोहोचतात, पण वाइनहाइमकडून जाणारी खूप वेळ घेते. मानहाइमला घाई असेल तर एस-बानच घ्या.

नदी आणि घरातली हवा

नेकारच्या उत्तर काठावर नोयनहाइममध्ये नेकारवीजे हे लांबच लांब कुरण आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी अर्धं गाव तिथे असतं. निखाऱ्यावर भाजायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. नदी मात्र पोहायची नाही. वरून संथ दिसते, पण ती मालवाहू जहाजांची वाट आहे, बंधारे घालून पातळी राखलेली. जहाज गेल्यावर पाणी ओढतं, बंधाऱ्याखाली भोवरे असतात. पूल, बंधारे आणि जहाजांना वर-खाली नेणाऱ्या जलद्वारांच्या आसपास पोहायला मनाईच आहे.

हिवाळ्यात बर्फ वितळून त्यावर पाऊस आला की पाणी चढतं. १७८४ साली बर्फाच्या लाद्यांसह आलेल्या पुराने जुना पूल वाहून गेला. आजचा दगडी पूल १७८८ सालचा, त्याचे १९४५ साली उडवलेले भाग नंतर बांधलेले. पुलाजवळ पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्यांची उंची पाहा. काठाच्या गल्ल्यांत तळघर भाड्याने घेतलं असेल तर तिथे पुस्तकं ठेवू नका. पाणी वाढलं की दक्षिण काठचा रस्ता बंद करतात आणि बस वळवतात.

घरात दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडा, हीटर बंद करून. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं वाईट : भिंत गार पडते, वाफ तिच्यावर जमते आणि बुरशी धरते. आपल्या स्वयंपाकात कुकरची वाफ आणि फोडणी असते, म्हणून आपल्याला हे जास्त लागू. बुरशी धरली तर घरमालक अनामतीतून पैसे कापायला बघतो. बानश्टाटच्या घरांत हवा खेळवण्याची यंत्रणा असते. तिची जाळी बंद करू नका.

खाणं

विद्यापीठाची खानावळ म्हणजे मेन्सा. ३०४ ची मोठी मेन्सा नोयनहाइमर फेल्डमध्ये, मारश्टालची नदीकाठच्या जुन्या शस्त्रागारात, आणि एक उनिव्हेर्सिटेट्सप्लाट्झजवळ. मारश्टालला ताट स्वतः वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. शाकाहारी पदार्थ रोज असतात. पाहुण्यापेक्षा विद्यार्थ्याला दर कमी, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा.

पोळ्यांसाठी पीठ घेताना पाकिटावरचा आकडा पाहा. ४०५ म्हणजे मैद्याच्या जवळचं, त्याच्या पोळ्या चामट होतात. १०५० घ्या, त्यात थोडं पूर्ण गव्हाचं पीठ मिसळा. पाणी थोडं जास्त लागतं, आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवली की पोळी लाटता येते. तूरडाळ, पोहे, हिंग हे भारतीय दुकानात. मसूर, हरभरे, कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानात स्वस्त. मानहाइमच्या बाजारचौकाभोवती अशी दुकानं एका रांगेत आहेत. तिथे रस्त्यांना नावं नाहीत, घरांच्या चौकोनी गटांना अक्षर-आकडा आहे : जी १ म्हणजे बाजारचौक.

बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत मिळते. काच रंगानुसार रस्त्यावरच्या टाक्यांत, पण रविवारी किंवा रात्री नाही, शेजारी आवाजाची तक्रार करतात.

किल्ला आणि वरच्या वाटा

किल्ल्याच्या तिकिटात डोंगरगाडीचा खालचा टप्पा आणि १७५१ सालचं, दोन लाख लिटरांहून मोठं लाकडी पिंप पाहणं येतं. उन्हाळ्यात तीन शनिवारी रात्री किल्ल्यावर तांबडा प्रकाश आणि नदीवर आतषबाजी करतात, फ्रेंचांनी केलेल्या विध्वंसाच्या आठवणीत. त्या रात्री पूल आणि काठ भरून जातात, बस खोळंबतात. फिलोसोफेनवेगच्या बाजूने आधी जाऊन जागा धरा. जुन्या पुलावरून तिथे चढणारी श्लांगेनवेग ही दगडी पायवाट उभी आहे आणि पावसात निसरडी. उतरताना नोयनहाइमकडचा सोपा रस्ता घ्या.

आजारी पडलात तर

जिवावर बेतलं असेल, आग असेल तर ११२. पोलिस ११०. ताप, खोकला, पोटदुखी असं रात्री किंवा शनिवार-रविवारी काही झालं तर ११६११७ वर फोन करा, कर्तव्यावरचा डॉक्टर सांगतात. साध्या दुखण्याला थेट विद्यापीठ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलात तर तासन्‌तास बसावं लागेल. निरोगी असतानाच, पहिल्या महिन्यात, घराजवळच्या एका हाउसआर्ट्झ्टकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे, नाव घालून ठेवा. अनेक ठिकाणी नवे रुग्ण घेत नाहीत, आणि हे शोधण्याची वेळ ताप चढलेला असताना येऊ नये. तासाला किंवा परीक्षेला न जाता आल्यास डॉक्टरचं प्रमाणपत्र त्याच दिवशीचं लागतं, मागच्या तारखेचं मिळत नाही.